कोनाचा आयकतंस?

मास्तरांनी मला पहिला प्रश्न विचारला, तो 'काय वाजवतोस' हा नव्हता. कीबोर्डची पिशवी खांद्याला लटकत होती, ते दिसतच होतं. घणसोली गावठाणातल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये तालीम चालायची. मी दारात उभा. मास्तर बेंजोच्या तारा पुसत होते. मान वर न करता म्हणाले, "कोनाचा आयकतंस?"

मला वाटलं, घरात कोणाच्या शब्दाबाहेर नाहीस असं विचारतायत. आगरी गावात बाहेरचा पोरगा घ्यायचा म्हणजे त्याची चालचलणूक विचारणारच. म्हटलं, "वडिलांचं."

शेडमधले सगळे हसले. मास्तर हसले नाहीत. "वाजवताना रं," ते म्हणाले.

"कोणाचंच नाही. मला सगळी गाणी पाठ आहेत."

यावर कोणीच हसलं नाही.

ही २००९ सालची गोष्ट. मी एकवीस वर्षांचा होतो, महापेच्या एमआयडीसीत एका कंपनीत इलेक्ट्रॉनिक्स मेंटेनन्सला नुकता लागलो होतो. आम्ही मूळचे साताऱ्याकडचे, राहायला कोपरखैरण्यात, माथाडींच्या वस्तीत. वडील कांदा-बटाटा मार्केटला टोळीत होते. गावठाणातल्या पोरांशी माझा संबंध शाळेपुरता. ते गावातले, आम्ही सेक्टरमधले. मधे फक्त एक रस्ता, पण तो रस्ता १९७० पासूनचा आहे. सिडको आली, पंचाण्णव गावांच्या जमिनी संपादनात गेल्या, भातखाचरं आणि मिठागरं बुजवून सेक्टर उभे राहिले आणि त्या सेक्टरांत आमच्यासारखे येऊन बसले. बेंजोच्या पार्टीत मी शिरलो तेव्हा हे मला पुस्तकी माहीत होतं. शेडमध्ये कोणी बोलूनही दाखवलं नाही, पण पहिले सहा महिने मला 'सेक्टरवाला' हेच नाव होतं.

पहिल्या तीन सुपाऱ्या मी जीव तोडून वाजवल्या. हळदीच्या. मांडवात बायका नाचतायत, लहान पोरं स्पीकरसमोर उड्या मारतायत, आणि मी प्रत्येक गाण्याची चाल अक्षर न् अक्षर काढतोय. तिसऱ्या रात्री सामान भरताना मिक्सरवरचा पोरगा सहज बोलून गेला की माझी लाइन तिन्ही रात्री बंदच होती. फेडर खालीच. माझ्या शेजारच्या छोट्या मॉनिटरमधून मला माझा आवाज येत होता, तेवढाच. बाहेर एक स्वर गेलेला नव्हता.

मी मास्तरांकडे गेलो. ते शांतपणे म्हणाले, "चांगला वाजवलास. कोनाला तरास नाय झाला."

त्या रात्री मी पार्टी सोडली असती. सोडली नाही याचं कारण स्वाभिमान वगैरे नव्हतं. पंधरा दिवसांनी मिळायचे ते पैसे अडकले होते. पण पुढच्या तालमीला मी वाजवायच्या आधी बसून ऐकलं, आणि माझी लाइन का बंद होती ते समजायला मला अर्धा तासही लागला नाही. लाज वाटली ती तेव्हा.

बेंजो ज्यांनी जवळून पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. लांबट पेटी, वर टाइपरायटरसारखी बटणं, खाली तारा. डाव्या हाताने बटण दाबायचं, उजव्या हाताने पट्टीने तार छेडायची. हे वाद्य मूळचं जपानी. नागोयाच्या गोरो मोरिता यांनी १९१२ मध्ये बनवलं, त्याच वर्षी तिथे तैशो राजवट सुरू झाली म्हणून नाव तैशोगोतो. आपल्याकडे येऊन त्याचं बुलबुल तरंग झालं, आणि मुंबई-ठाणे-रायगडात कोणीतरी त्याला पिकअप बसवून अँप्लिफायरला जोडला आणि तो सरळ बेंजो झाला. अमेरिकन बँजोशी त्याचं नावाखेरीज काही नातं नाही. छेडलेली तार पटकन मरते, म्हणून बेंजोवाला मनगट सतत हलतं ठेवतो. त्या थरथरीत आवाजावरच तर हळदीला माणसं उठतात.

आता अडचण अशी की तारा तापतात. मांडवातला उकाडा, हॅलोजन, दोन तास सलग मारा. सुरुवातीला माझ्या कीबोर्डला लावून घेतलेला बेंजो नऊ वाजेपर्यंत थोडा उतरलेला असतो. कीबोर्ड मात्र उतरत नाही. मी तीच चाल, तोच स्वर, बेंजोच्या बरोबरीने वाजवायचो, म्हणजे एकाच स्वराच्या दोन किंचित वेगळ्या उंच्या लोकांच्या कानावर आदळायच्या. नाचणाऱ्या बाईला कारण कळत नाही, पण तिला ते गाणं नकोसं होतं. कीबोर्डमध्ये सगळा सूर बारीक वरखाली करायची सोय असते. ती मी दुकानातून आणल्यापासून उघडलीसुद्धा नव्हती. तेव्हापासून दर तीन-चार गाण्यांनी मी कान देऊन बेंजो कुठे गेलाय ते बघतो आणि माझा सूर तिथे नेतो. बरोबर तो नसतो, मी असतो. पण चाल त्याच्याकडे आहे.

आणि चाल वाजवायची मी सोडून दिली. बेंजोचा स्वर मरतो तिथे मागून एक लांब स्वर धरून ठेवायचा, मुखडा संपून अंतरा यायच्या आधीचा पीस भरायचा, बाकी हात मांडीवर. हे शिकायला मला दोन मोसम गेले. मास्तरांच्या प्रश्नाचं उत्तर होतं: बेंजोचं.

मग मला छंदच लागला, कोण कोणाचं ऐकतो ते बघायचा. ढोलवाले दोघं ताशाचं ऐकतात. ताशेवाला बेंजोचं ऐकतो असं मला वाटायचं, पण तो बघतो. मास्तरांचा खांदा पडला की त्याची उठाण येते. ऑक्टोपॅडवाला सगळ्यांचं ऐकल्यासारखं करतो आणि ऐकत ढोलकीचं असतो. मिक्सरवरचा पोरगा तर बँडचं ऐकतच नाही, तो गाडीपासून दहा पावलं लांब जाऊन, गर्दीत उभा राहून ऐकून येतो. आणि मास्तर? मास्तर बायांचे पाय बघतात. नवऱ्याची मावशी दमली की गाणं बदलतं, आणि मावशीला वाटतं आपल्याच नशिबाने बदललं.

सिनेमाच्या वाद्यवृंदाचं वेगळं. अँथनी गोन्साल्विसांसारख्या गोव्याच्या मंडळींनी मुंबईच्या स्टुडिओत प्रत्येक वादकासमोर त्याच्या वाट्याचा कागद ठेवायची शिस्त रुजवली. कागदात लिहिलंय तेवढं वाजवा, उरलेलं अरेंजर बघेल. आमच्याकडे कागद नाही. कोणाला नोटेशन येत नाही, मलाही तेव्हा येत नव्हतं. म्हणून प्रत्येकाचा एक कान दुसऱ्या कोणाकडे तरी गहाण.

या सगळ्या हिशेबात एक माणूस बसत नव्हता. खुळखुळेवाला.

साठीचे असतील. सगळे त्यांना दादूस म्हणायचे. तरुणपणी मिठागरावर कामाला होते. दोन खुळखुळे, त्यातल्या उजव्या हातातल्याला लाल रिबिनीचा झुपका. मांडवात ते एका कोपऱ्यात उभे राहून चुकचुक चुकचुक करत. आवाज तर त्या ढोलताशात त्यांना स्वतःलाही येत नसावा. मिरवणुकीत गाडीच्या पुढे चालायचे, तेही अर्धे मागे वळून. मला वाटायचं, म्हातारा घरी जायची वाट बघतोय.

आमची वाटणी अशी: बावीस हजारांची सुपारी असेल तर आधी गाडी, जनरेटर आणि डिझेलचे साडेपाच हजार बाजूला. उरलेले साडेसोळा हजार अकरा जणांत सारखे. प्रत्येकी दीड हजार. बेंजोवाल्यालाही दीड हजार, खुळखुळेवाल्यालाही दीड हजार. सामान मास्तरांचं होतं, त्याचं भाडं पहिल्या साडेपाचात आलं, असा त्यांचा सरळ हिशेब.

२०१८ च्या उन्हाळ्यात दादूसांचा गुडघा धरला. पुढच्या दोन हळदींना ते येणार नव्हते, आणि मी एक सूचना केली. पॅडमध्ये खुळखुळ्याचा आवाज असतोच. एक बटण दाबलं की हवा तेवढा वेळ, हव्या त्या लयीत वाजत राहतो, आणि कधी चुकत नाही. मी इलेक्ट्रॉनिक्सवाला, मला ते इतकं उघड दिसत होतं की आजवर कोणाला कसं सुचलं नाही याचंच नवल वाटलं. शिवाय दहाने भागलं की साडेसोळाशे येतात. दीडशे रुपये माणशी. हे मी तोंडाने बोललो नाही, पण डोक्यात होतं. शेडमधल्या आणखी दोघांच्या डोक्यात होतं हे त्यांच्या गप्प बसण्यावरून कळत होतं.

मास्तर म्हणाले, बघू.

घरी जेवताना मी वडिलांना सांगितलं. माझी हुशारी सांगावी म्हणूनच सांगितलं, खोटं कशाला बोलू. वडील भाकरी मोडत म्हणाले, "आमच्या टोळीत एक जण दिवसभर ट्रकावर उभा ऱ्हातो. दुसऱ्यांच्या पाठीवर पोतं लावून देतो. स्वतः एक पाऊल चालत न्हाई. वाटणी सगळ्यांइतकीच."

"मग?"

"मग काय न्हाय. जेव."

दोन्ही हळदींना पॅडचा खुळखुळा उत्तम चालला. मांडवात आम्ही सगळे चार-पाच मीटरच्या घेरात उभे असतो. माझी सूचना सिद्ध झाली, असं मी धरून चाललो.

मग आला गणपती. त्या वर्षी विसर्जनातल्या डीजेवरची बंदी उठवायला उच्च न्यायालयाने नकार दिला आणि शेवटच्या दोन दिवसांत बेंजो पार्ट्यांचे फोन खणखणायला लागले. आमच्याकडे आधीच ठरलेलं एक मंडळ होतं, सेक्टरमधलं, मोठं. २३ सप्टेंबर, अनंत चतुर्दशी. दादूस घरी, पाय उशीवर.

पहिला तासभर सगळं ठीक होतं. मग मुख्य रस्त्याला लागलो आणि गर्दी आत शिरली. ताशा आणि ढोल पुढे होते, नाचणाऱ्यांच्या बरोबर. बेंजो, कीबोर्ड, पॅड आणि स्पीकर मागे गाडीवर. मधे माणसं घुसत गेली आणि ते पुढचे लांब लांब गेले. वीस मीटर तरी असेल. आणि गाणं विरघळायला लागलं. सुरुवातीला मला वाटलं ताशेवाला दमलाय. मग वाटलं मीच मागे पडतोय. मास्तरांनी लय ओढून धरली, क्षणभर सुधारलं, पुन्हा उतरली. कोळीगीत असं वाजायला लागलं जणू भजनाची सांगता. मंडळाचा एक कार्यकर्ता गाडीवर चढून विचारायला लागला, "बॅटरी संपली काय?"

कोणी चुकत नव्हतं, हीच तर गंमत. दुसऱ्या दिवशी कंपनीत जेवणाच्या सुट्टीत मी कागदावर मांडलं. आवाज सेकंदाला साधारण ३४५ मीटर जातो. वीस मीटर जायला ५८ मिलिसेकंद. त्या गाण्याची लय मिनिटाला १३० ठोक्यांची, म्हणजे एका ठोक्यापासून दुसऱ्यापर्यंत ४६०. गाडीवरचा ठोका ताशेवाल्याला ठोक्याचा आठवा हिस्सा उशिरा पोचत होता. तो त्याच्यावर इमानदारीने वाजवायचा, तो आवाज परत आमच्यापर्यंत यायला आणखी आठवा. आम्हाला तो पाव ठोका मागे वाटायचा. मग आम्ही त्याच्यासाठी थांबायचो, तो आमच्यासाठी थांबायचा. दोन सज्जन माणसं दारात 'आधी तुम्ही, आधी तुम्ही' करतात तसं. जितकं नीट ऐकू तितकी लय उतरत होती. इतकी वर्षं मी ऐकण्याचा जप केला होता आणि आम्ही बुडालो ते ऐकण्यानेच.

पॅडचा खुळखुळा अर्थातच अचूक वाजत होता. गाडीवर, स्पीकरमधून, तेवढाच उशीर घेऊन.

तेव्हा मला ती लाल रिबीन आठवली. दादूस गाडी आणि ताशा यांच्या बरोबर मधे चालायचे. उजवा हात डोक्याच्या वर. गर्दीतून तो झुपका दोन्हीकडून दिसायचा. आणि मान मागे असायची ती घरच्या वाटेकडे नव्हे, मास्तरांच्या उजव्या मनगटावर. मास्तर बायांचे पाय बघायचे, दादूस मास्तरांचं मनगट बघायचे, आणि बाकी सगळे, कोणी कोणाला कधी न सांगता, तो झुपका बघायचे. दिसायला उशीर लागत नाही. कडेला उभ्या माणसाला ताशा नि बेंजो थोडे मागेपुढे ऐकू येणारच, त्याला इलाज नाही. पण लय तरी उतरत नाही. ते खुळखुळ्याच्या आवाजासाठी नव्हतेच. मी आवाजाची जागा भरली आणि हात काढून टाकला.

ढोलवाल्यांना विचारलं, तुम्ही दादूसांकडे बघता का? एक म्हणाला, "नाय रं. मी त ताशाचा आयकतंय." दुसऱ्याने थोडा विचार केला आणि म्हणाला, "बघत आसंन."

मंडळाने चार हजार कापले. मास्तर मला एक शब्द बोलले नाहीत, आणि ते बोलण्यापेक्षा वाईट होतं. त्या आठवड्यात मी दादूसांच्या घरी गेलो. माफीबिफी मागायचं मनात ठरवून गेलो होतो. त्यांनी आधी मला त्यांचा सेट-टॉप बॉक्स दुरुस्त करायला लावला. ॲडॉप्टर गेला होता. ते झाल्यावर चहा आला. मग म्हणाले, "मना समजला सगला. माझा हिस्सा?" मी खिशातून दीड हजार काढून दिले. त्यांनी मोजून घेतले. आज कधी कधी वाटतं, विचारायला हवं होतं की ही युक्ती तुम्हाला कोणी शिकवली. पण ते म्हणाले असते, कसली युक्ती.

दिवाळीनंतर ते पुन्हा यायला लागले. मिरवणुकीत चालणं जमेना, तर आम्ही गाडीच्या टपावर त्यांना बसवायला लागलो. तिथून हात आणखी उंच दिसतो, पण मास्तर पाठीमागे खाली राहतात आणि मनगट बघायला मान फारच मोडते. मग मी वेल्डिंगवाल्याकडून टपावर मोटारसायकलचा आरसा बसवून घेतला. माझं इलेक्ट्रॉनिक्सचं शिक्षण बँडच्या कामी आलं ते एवढंच.

२०२५ च्या जानेवारीत नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये कोल्डप्लेचे १८, १९ आणि २१ असे तीन कार्यक्रम झाले. माझ्या कंपनीतला एक जण जाऊन आला. अशा मोठ्या मैदानी कार्यक्रमांत मागच्या प्रेक्षकांसाठी मधे उंच खांबांवर वेगळे स्पीकर लावतात आणि त्यांचा आवाज मुद्दाम तितकाच उशिरा सोडतात, म्हणजे मंचावरून येणारा आवाज आणि तो एकाच वेळी कानात पडावा. माघी गणपती तोंडावर आला होता, तालीम चालू होती. मी हे शेडमध्ये मोठ्या उत्साहाने समजावून सांगितलं, आकड्यांसकट. ताशेवाल्याने काडीने पाठ खाजवत ऐकून घेतलं आणि म्हणाला, "त्यांच्याकरं दादूस नाय, मंग मशीनच लागंल."

आता हळदी दहाला बंद होतात. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालापासूनचे, रात्री दहा ते सकाळी सहा. पूर्वी कोणी मनावर घेत नव्हतं, आता शेजारच्या टॉवरमधून बरोबर दहाला फोन जातो. लोक म्हणतात सुरू करणं अवघड. आमच्या धंद्यात अवघड असतं ते थांबणं. दहा वाजत आलेत, पंचवीस बायका बेभान नाचतायत, आणि अकरा जणांनी एकाच ठोक्यावर हात उचलायचा. एक ढोल जरी पुढे गेला तरी सगळ्या रात्रीची अब्रू जाते. मोबाइलमध्ये दहाला दोन मिनिटं कमी असली की मिक्सरवरचा पोरगा टॉर्च एकदा उघडझाप करतो. मास्तर मुखड्यावर येतात. दादूसांचा हात वर जातो आणि तिथेच राहतो, खुळखुळा न वाजवता. मग खाली येतो.

गेल्या मे महिन्यात करावे गावात एक हळद होती. दहाला कट मारला, अगदी चोख. कान बधिर झालेले असताना जी शांतता होते ती झाली. पोरं हिरमुसून घरी निघाली, नवऱ्याचा मामा पोलिसांच्या नावाने काहीतरी पुटपुटला. आम्ही वायरी गुंडाळायला घेतल्या. तेवढ्यात मांडवाच्या आतून लग्नाची गाणी म्हणणारी धवलारीण सुरू झाली. म्हातारी, बसकी, एकटी. मागून चार-पाच बायकांनी ओळ उचलली. माइक नाही, ठेका नाही, लय त्यांच्या श्वासाची. एक ओळ लांबायची, दुसरी आखडायची, आणि त्या सगळ्या बरोबर एकदम वळायच्या.

आमची वायर गुंडाळायची थांबली. ताशेवाला गाडीच्या कडेला टेकून ऐकत होता, आणि ऐकता ऐकता त्याची काडी फळीवर वाजायला लागली. हलकेच, सवयीने. मास्तरांनी त्याच्याकडे नुसतं बघितलं. काडी थांबली.